उंबरठ्याशी अडलेलं पाऊल

पुण्याच्या कर्वेनगरमध्ये संध्याकाळच्या गर्दीत रस्ता ओलांडणं धडधाकट माणसालाही सोपं जात नाही. पादचाऱ्यांसाठी सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा, याचा एक ढोबळ हिशोब असतो. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायचं आणि रस्त्याच्या रुंदीला त्या आकड्याने भागायचं. रस्ता बारा मीटरचा असेल तर दहा सेकंद पुरेत. दिवा हिरवा झाला की पाऊल उचललं जाणार, हे या हिशोबात न बोलता गृहीत धरलेलं असतं. पार्किन्सन्स झालेल्या माणसाचं पाऊल अनेकदा तसं उचललं जात नाही. तळवे जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि पाच सेकंद जागच्या जागीच जातात. मग पाय सुटतो आणि कदाचित तो इतरांच्याच वेगाने चालूही लागतो. पण दहावा सेकंद संपतो तेव्हा हा माणूस बरोबर रस्त्याच्या मधोमध असतो. चालण्याच्या वेगात त्याचा काही दोष नसतो, त्याचं निघणं हुकलेलं असतं. पलीकडच्या फुटपाथशी पोचल्यावर आणखी एक अडचण उभी राहू शकते. पावलं आखूड आणि भराभर पडू लागलेली असतात आणि आता थांबणं जमत नाही. निघणं, चालत राहणं आणि थांबणं या मेंदूच्या तीन वेगवेगळ्या करामती आहेत. आजाराने त्या वेगवेगळ्या बिघडतात, म्हणून त्या वेगवेगळ्याच मोजायला हव्यात. त्यांची एकच बेरीज करून ‘हालचाल मंदावली’ असं लिहिलं की रुग्णाची खरी अडचण कागदावरून निसटते आणि घरातल्यांच्या समजुतीतूनही.

हे निसटणं नावापासूनच सुरू होतं. आपल्याकडे या आजाराचा परिचय ‘कंपवात’ या नावाने आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातही थरथरीलाच मान होता. खरं तर चालता चालता पुढे झुकून धावल्यासारखं होणं त्यांनीही टिपलं होतं. तरी लोकांच्या मनात ठसली ती हाताची थरथर. आज निदान करताना डॉक्टर ज्या लक्षणाला सर्वांत आवश्यक मानतात, ते आहे हालचालींचं मंदावणं आणि आखडत जाणं. थरथर तर काही रुग्णांना होतच नाही. थरथर दिसते, म्हणून तिला सहानुभूती मिळते. न उचललेलं पाऊल मात्र दिसत नाही, आणि त्याचा अर्थ बघणारा आपल्या परीने लावतो: आळस आलाय, हट्ट करतायत, मगाशी तर व्यवस्थित चालत होते, आताच काय झालं? पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. या दोन सुंदर शब्दांमधल्या नात्यावर सर्वांत जास्त ताण येतो तो अशाच न समजलेल्या क्षणांचा.

पाऊल का अडतं हे कळायला मेंदूच्या गाभ्यातल्या काही गाठींची ओळख करून घ्यायला हवी. त्यांना एकत्रितपणे बेसल गँग्लिया म्हणतात. हालचालीचा हुकूम त्या स्वतः देत नाहीत. उतारावर लावलेल्या गाडीच्या हँडब्रेकसारखं त्यांचं काम असतं. ब्रेक एरवी ओढलेलाच असतो, म्हणून आपण खुर्चीत शांत बसू शकतो. उठायचं ठरलं की त्या एका हालचालीपुरता ब्रेक सुटतो आणि बाकीच्या नको असलेल्या हालचालींवर तो अधिक घट्ट होतो. ब्रेक सोडणारा एक मार्ग आहे आणि आवळणारा दुसरा. या दोहोंचा तोल डोपामिन या रसायनामुळे राखला जातो. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी पार्किन्सन्समध्ये झडत जातात आणि ब्रेक सोडणारा मार्ग दुबळा पडतो. याशिवाय तिसरी, अतिशय जलद वाट आहे. मेंदूच्या पृष्ठभागाकडून ती थेट सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाच्या मसुराच्या आकाराच्या गाठीपर्यंत जाते. समोर अचानक रिक्षा आली की उचललेला पाय जिथल्या तिथे रोखला जातो, त्या तातडीच्या ब्रेकमध्ये या वाटेचा मोठा वाटा असल्याचं मानलं जातं.

निघणं आणि थांबणं वेगळं आहे, याचा पुरावा इतर आजारांतूनही मिळतो. त्याच मसुराएवढ्या गाठीला एका बाजूला लहानसा पक्षाघात झाला, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात किंवा पाय आपोआप जोराने फेकला जाऊ लागतो. कुणी हुकूम दिलेला नसतो, फक्त रोखणारं कुणी उरलेलं नसतं. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात नको असलेल्या हालचाली अंगावर लहरींसारख्या येत राहतात. त्याचबरोबर धरलेली हालचाल टिकवणंही जमत नाही. जीभ बाहेर काढून दहा सेकंद ठेवा म्हटलं तर ती सारखी आत जाते. टूरेट या विकारात झटके काही काळ दाबून धरता येतात, पण त्याची किंमत आतल्या आत वाढत जाणाऱ्या अस्वस्थतेने मोजावी लागते. हे सगळेच हालचालींचे विकार, पण एकात सुरुवात अडते, दुसऱ्यात आवर सुटतो आणि तिसऱ्यात आवर असूनही तो थकवून टाकतो. पार्किन्सन्सचं वैशिष्ट्य असं की, एकाच माणसात निघणंही अडू शकतं आणि थांबणंही.

मग हे मोजायचं कसं? इथे आपल्याच मातीतला एक खेळ मदतीला येतो. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. पाटीवर बसलेला खेळाडू पाठीमागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठत नाही. ऐकू आल्यापासून तो पाटीवरून उठेपर्यंतचा क्षण ही झाली सुरुवातीची वेळ. उठल्यापासून गड्याला शिवेपर्यंतचा काळ ही हालचालीची वेळ. प्रेक्षकाला दोन्ही मिळून एकच धाव दिसते. प्रयोगशाळेत मात्र त्या वेगळ्या करतात. बोट एका बटणावर टेकवून ठेवायचं, दिवा लागला की उचलायचं आणि समोरचं दुसरं बटण दाबायचं. दिव्यापासून बोट उचलेपर्यंतचा वेळ वेगळा नोंदवला जातो आणि उचलल्यापासून दुसऱ्या बटणापर्यंतचा वेगळा. एडवर्ड एव्हार्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांवर अशी मोजणी केली. तेव्हा या दोन वेळा एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडू शकतात असं दिसलं. एखाद्याचं निघणं बरंचसं ठीक, पण जाणं मंद. दुसऱ्याचं त्याच्या उलट. एकूण वेळ सारखा आला तरी ही माणसं सारखी नव्हेत. तत्त्व समजून घ्यायला शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टीही पुरते. एकाने ती उभी धरून अचानक सोडायची आणि दुसऱ्याने चिमटीत पकडायची. वीस सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद गेले. पूर्ण पट्टी निसटली तर जवळपास पाव सेकंद किंवा त्याहून जास्त. गुरुत्वाकर्षण हेच इथलं घड्याळ. त्यात चिमूट मिटण्याचा वेळही मिसळलेला असतो आणि एखाद्या प्रयत्नावरून काहीच ठरत नाही, हे मात्र विसरू नये.

थांबणं मोजणं याहून अवघड, कारण यशस्वी थांबण्यात दिसण्यासारखं काहीच घडत नाही. न झालेल्या गोष्टीला घड्याळ कसं लावणार? यावर गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ साली मांडलेली कल्पना आजही वापरात आहे. मेंदूत दोन धावपटूंची शर्यत लागली आहे असं समजा. एक ‘जा’ म्हणणारा, दुसरा ‘थांब’ म्हणणारा. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं. मात्र मधूनच बाणानंतर क्षणभराने एक टोला वाजतो, तेव्हा दाबायचं नाही. टोला लवकर वाजला तर माणूस सहज थांबतो, उशिरा वाजला तर बोट सुटतंच. टोल्याची वेळ मागेपुढे करत यंत्र अशा जागी येतं, जिथे माणूस निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा हुकतो. म्हणजे शर्यत बरोबरीत आली. आता उदाहरण घेऊ. बाणाला प्रतिसाद द्यायला सरासरी ५०० मिलिसेकंद लागतात आणि बरोबरीच्या जागी टोला २५० मिलिसेकंदांनी वाजतो. तर उरलेले २५० मिलिसेकंद हा थांबण्याला लागलेला वेळ. निरोगी तरुणांमध्ये तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये तो लांबलेला आढळतो, असं २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. नुसत्या संथपणाने त्याचा उलगडा होत नव्हता. जो माणूस उशिरा निघतो, त्याला थांबायला उलट जास्त सवड मिळायला हवी. तरीही त्याला थांबणं जड जातं, याचा अर्थ बिघाड ब्रेक सुटण्यात आहे तसा ब्रेक लागण्यातही आहे.

आकडे इथवर स्पष्ट बोलतात. पण याच आजाराने मोजणाऱ्यांना एक मोठा धडाही शिकवला आहे: अडलेलं पाऊल परिस्थितीगणिक बदलतं. मूळ पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी २०१५ साली टेडएक्सच्या व्यासपीठावर सांगितलेली गोष्ट या दृष्टीने मोलाची आहे. पार्किन्सन्स असलेले त्यांचे काका सपाट जमिनीवर अडखळत, पण जिना मात्र सहज उतरून जात. हे पाहून त्यांनी सपाट फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र अंथरलं, आणि त्यावरून काका चालू लागले. यामागचं तत्त्व जुनं आहे. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या की अडलेली पावलं सुटतात, हे ब्रिटिश डॉक्टर जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं होतं. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी असा एक रुग्ण जगापुढे ठेवला, ज्याला चार पावलंही धड टाकता येत नव्हती, पण सायकल तो उत्तम चालवत होता. सायकलवरून उतरला की पुन्हा खिळला. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याने हे उदाहरण आवर्जून लक्षात ठेवावं. आतून उमटणारी सुरुवात अडते तेव्हा बाहेरून मिळणारा इशारा, मग तो पायरीचा असो, रेषेचा असो वा पायडलच्या फेऱ्याचा, मेंदूला दुसरी वाट मोकळी करून देतो. ठेक्याचाही असाच उपयोग होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालतात. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले आहेत. ‘मगाशी तर चालत होते’ या घरगुती तक्रारीचं उत्तर इथे आहे. मगाशी जिना होता, आता सपाट व्हरांडा आहे. मगाशी लक्ष पावलांवर होतं, आता कुणीतरी प्रश्न विचारला आहे. दाराची चौकट, अरुंद बोळ, लिफ्टचं दार, जागच्या जागी वळणं, घाई, या पाऊल अडण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. त्यात हट्टाचा काही संबंध नाही.

अशा मोजणीवर पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडून येईल: निष्णात नजरेला हे दिसतंच, यंत्रं कशाला? नजरेचं मोल मोठं आहे यात शंका नाही. जगभर वापरली जाणारी पार्किन्सन्सची मापनश्रेणी, १९८७ साली आलेली आणि २००८ साली सुधारलेली, अशाच नजरेवर उभी आहे. अंगठा आणि तर्जनी दहा वेळा आपटायला सांगतात आणि वेग, मोठेपणा व मध्येच होणारी अडखळ पाहून शून्य ते चार गुण देतात. सुधारित श्रेणीत पाऊल अडण्यालाही स्वतंत्र रकाना आहे. पण शून्य ते चार या पाच पायऱ्यांत सावकाश होत गेलेला बदल मावत नाही. दुसरी प्रचलित चाचणी १९९१ सालची. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं आणि एकूण सेकंद मोजायचे. सोपी, बिनखर्चाची, उपयोगी. तरी तिचं उत्तर म्हणजे एकच बेरीज. एकाचे सोळा सेकंद सगळीकडे सारखे वाटलेले असतात. दुसऱ्याचे पाच उठून निघण्यात आणि चार वळण्यात गेलेले असतात. पडण्याचा धोका दुसऱ्याला अधिक, आणि कागदावर मात्र दोघेही ‘सोळा’. त्या बेरजेची फोड केली तर डॉक्टरांच्या नजरेचं काम कमी होत नाही, कुठे पाहायचं हे तिला नेमकं कळतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यासमोर बटण दाबणं आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थबकणं यांचा काय संबंध? शिवाय दवाखान्यात डॉक्टर समोर असले की रुग्ण सावध असतो आणि घरी दिवसातून दहा वेळा अडणारं पाऊल तिथे एकदाही अडत नाही. हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच मोजणी दवाखान्याबाहेर न्यायला हवी. पाऊल अडतं तेव्हा पाय पूर्ण स्थिर नसतो, पोटरी बारीक थरथरते. चालण्याची लय सेकंदाला तीनपेक्षा कमी कंपनांची असते, अडलेल्या पायाची थरथर तीन ते आठ कंपनांची. २००८ साली संशोधकांनी पायावर बांधलेल्या छोट्या सेन्सरने या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर काढून अडणं ओळखता येतं असं दाखवलं. आपल्या मोबाइलमध्येही गती टिपणारा सेन्सर असतो. मोबाइलचा साधा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो. हजारांश सेकंदाची शर्यत त्याने मोजता येणार नाही, पण उंबरठ्याशी गेलेले चार सेकंद तो अचूक सांगतो. ही साधनं चुकतातही. पायाची साधी चाळवाचाळव आणि अडलेलं पाऊल यांत त्यांची गफलत होते. प्रयोगशाळेतला आकडा यंत्रणा काय आहे ते सांगतो, घरातली नोंद ती कुठे बिघडते ते सांगते. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

तिसरा आक्षेप हताशपणातून येतो. आजार बरा होत नाही, मग मोजून काय साधणार? साधतं ते असं. औषधाच्या गोळीचा अंमल उतरल्यावर पाऊल अडत असेल तर गोळीची मात्रा आणि वेळा बदलून बऱ्याचदा फरक पडतो. ऐन अंमलातही अडत असेल तर उपाय वेगळे लागतात आणि निव्वळ मात्रा वाढवत नेणं चुकीचं ठरू शकतं. वेळेची नोंद नसेल तर हा भेद डॉक्टरांना करता येणार नाही. थांबण्याच्या बाबतीत तर दक्षतेची गरज आणखी आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये तार बसवून केलेल्या विद्युत उपचाराने अनेक रुग्णांच्या हालचाली मोकळ्या होतात. पण तो उपचार चालू असताना अवघड निवडीपाशी माणसं थबकून विचार करण्याऐवजी घाईने निर्णय घेतात, असं २००७ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी खरेदी, जुगार, खाणं यांवरचा आवर सुटू शकतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत असा त्रास आढळला, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्क्यांत. बोट रोखणं आणि मनाचा मोह रोखणं एकच आहे असं म्हणणं घाईचं होईल. पण ब्रेक सैल करणाऱ्या उपचारात थांबण्याकडेही लक्ष ठेवावं, एवढं तरी यातून निश्चित निघतं. आणि घरच्यांना आधीच सावध केलं असेल तर उधळलेल्या पैशांचा दोष औषधाकडे जातो, माणसाच्या चारित्र्याकडे नाही.

सततच्या मोजणीने रुग्ण खचेल, ही भीतीही रास्त आहे. रोज आरशासमोर उभं राहून आपली घसरण मोजावी असं कुणालाच वाटणार नाही. म्हणून मोजणी रोजची नको, परीक्षेसारखीही नको. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे तीन-चार दिवस पुरेत. गोळी किती वाजता घेतली, पाऊल कुठे अडलं, अंदाजे किती सेकंद, कशाने सुटलं, थांबताना तोल गेला का, एवढ्या पाच गोष्टी शुभंकराने वहीत टिपाव्यात. त्यातला ‘कशाने सुटलं’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात उपायांचीच यादी तयार होत जाते: ‘एक-दोन-एक-दोन’ म्हटल्याने, फरशीच्या सांध्यावर पाय टाकल्याने, आधी अंगाचा भार डावीकडे-उजवीकडे हलवल्याने. मोजणाऱ्याने आकड्याइतकंच त्या सुटण्याकडे बघावं.

महाराष्ट्राने या आजाराच्या मोजणीत एक जुनं, ठोस काम केलेलं आहे. मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, आणि त्या समाजात लाखामागे ३२८ रुग्ण असल्याचं तिने दाखवलं. माणसं किती, हे तेव्हा मोजलं. त्यांचे सेकंद कुठे जातात, हे मोजण्याची पाळी आता आपली आहे. त्यासाठी कर्वेनगरइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. १९०० साली इथल्याच हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारून महर्षी कर्व्यांनी जी संस्था वाढवली, तिच्याच परिसरात १९९१ पासून मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे आणि तिथे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं जातं. स्वस्त सेन्सर बांधून त्याचा आलेख वाचणं हे तिथल्या विद्यार्थिनींच्या आवाक्यातलं काम आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांतून एकटे किंवा दोघंच राहणारे ज्येष्ठ नागरिक आहेत आणि शहरात शुभार्थींचं मित्रमंडळ आहे. या तिघांनी एकत्र बसून परिसरातलं एक-एक वळण, एक-एक उंबरठा, एक-एक सिग्नल तपासला, तर महापालिकेपुढे ठेवायला नेमका आकडा हाती येईल: चालायला दहा सेकंद ठीक, पण निघायला आणखी किती? सिग्नलच्या हिशोबात त्या सेकंदांची भर पडली, की हिरव्या दिव्याखाली खिळलेला माणूस रस्त्याच्या मधोमध सापडणार नाही.